कापलेल्या छपराची गाडी

नवऱ्याच्या दहाव्याच्या दिवशी कावळा शिवेना, तेव्हा मीनाक्षीबाईंनी प्रथम दोष कावळ्यांनाच दिला. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूत कावळ्यांचा तोटा नव्हता. घरामागच्या लाकडी कुंपणावर ते सकाळपासून ओळीने बसले होते, पिंडाकडे पाहत होते आणि जागचे हलत नव्हते. आकाश राखेच्या रंगाचे झाले होते. मुख्याध्यापिका म्हणून उभी हयात काढलेल्या मीनाक्षीबाईंना हे चेहरे ओळखीचे वाटले. ज्यांना उत्तर ठाऊक असते आणि तरी जे हात वर करीत नाहीत, त्या मुलांचे ते चेहरे होते.

"बाबा, आईला मी नीट सांभाळीन," केदार हात जोडून म्हणाला. मुंडण केलेल्या डोक्याला थंडी वाजू नये म्हणून त्याने ऑफिसची टोपी घातली होती.

"मला कोणी सांभाळायची गरज नाही. दुसरं काहीतरी कबूल कर."

सून इशिता पुढे झाली. "बाबा, तुमच्या कढीपत्त्याला मी रोज पाणी घालीन. प्रॉमिस."

"तो मागच्या महिन्यातच वाळला."

"नवीन आणते ना, आई."

कावळ्यांनी माना वळवल्या, पंख मात्र उघडले नाहीत. मग जगन्नाथकाका खाकरले. गुरुनाथरावांचे इथले हे एकुलते एक मित्र. "गुरुनाथ, तुझं ड्रिल मशिन माझ्याकडेच राहिलंय रे. उद्या आणून देतो."

"कोणाला?" मीनाक्षीबाईंनी विचारले. काका मागे सरले.

देवांग गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर तपासत आणि शनिवार-रविवार पौरोहित्य करीत. त्यांनी धोतरावर चढवलेल्या जाकिटाच्या बाहीतून घड्याळ बाहेर काढले. "काकू, असं होतं कधीकधी. आपण दर्भाचा कावळा करून टाकू. शास्त्रात तसा ऑप्शन आहे. मला पुढं एक सत्यनारायण आहे."

"माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कधी डुप्लिकेट पार्ट बसवला नाही," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "गवताचा कावळा त्यांना चालायचा नाही."

यावर शास्त्रात उत्तर नसावे. गुरुजी पुन्हा घड्याळाकडे पाहू लागले, तेव्हा जगन्नाथकाकांनी जे कोणी बोलत नव्हते ते बोलून टाकले. "वहिनी, स्पष्ट सांगतो, रागावू नका. त्याचा जीव गाडीत अडकलाय."

गाडी गॅरेजमध्ये होती. ती एक जुनी पिकअप. मीनाक्षीबाई बोहल्यावर चढल्या त्याच्याही आधीची. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेल्या गुरुनाथरावांनी ती भंगारातून उचलली आणि वर्षानुवर्षे खपून तिचा हॉट रॉड केला. म्हणजे इंजिन नको इतके मोठे बसवले, ते सर्वांना दिसावे म्हणून त्यावरचे झाकण काढले, दारांवर पिवळ्या-तांबड्या ज्वाळा रंगवल्या, चाकांवरचा सांगाडा जमिनीला टेकेल इतका खाली आणला आणि छप्पर मधून कापून, बुटके करून पुन्हा जोडले. या शेवटच्या गोष्टीने घरात शीतयुद्ध सुरू झाले. दर रविवारी गुरुनाथराव विचारीत, "येतेस का एक चक्कर?" दर रविवारी उत्तर मिळे, "मान खाली घालून बसायच्या वाहनात मी बसत नाही." लग्नानंतर हेच गुरुनाथराव खिडकीतून रुमाल टाकून त्यांच्यासाठी एसटीत जागा धरीत. मीनाक्षीबाई सावकाश चढत आणि ताठ मानेने बसत. त्या मानेचा एवढा विसर पडावा, हे त्यांना लागले होते.

आणि दहा दिवसांपूर्वी त्याच गाडीच्या पायदानावर, हातात पाना असताना, गुरुनाथराव बसल्या जागी गेले. तेरावे होण्याच्या आत ती गाडी घराबाहेर गेली पाहिजे, असा मीनाक्षीबाईंनी हुकूम दिला. केदारने गिऱ्हाईक पाहिले. तो मनुष्य आज दुपारी ट्रेलर घेऊन येणार होता.

"म्हणजे बाबांना विकायची नाहीये," इशिता हळूच म्हणाली.

"त्यांना नसेल. मला आहे."

"वहिनी, नुसतं तोंडानं म्हणा ना, विकत नाही म्हणून. कावळा शिवला की मग बघू."

"मेलेल्या माणसाला फसवायचं, जगन्नाथराव? ते हयात असताना फसवलं नाही मी." त्या केदारकडे वळल्या. "गाडी बाहेर काढा. नाहीतरी तो माणूस येणारच आहे. त्यांनाही शेवटचं बघून घेऊ दे एकदाचं."

केदारने किल्ली फिरवली. त्या इंजिनाचा आवाज वडिलांखेरीज कोणी इतक्या जवळून ऐकला नव्हता. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, गुरुजींच्या हातातली पळी पडली आणि कुंपणावरचे सगळे कावळे एकदम उडून, घर ओलांडून, समोरच्या शेजाऱ्यांच्या छपरावर जाऊन बसले. गाडी गॅरेजातून पुरती बाहेर आली, दोन आचके दिले आणि बंद पडली. ती पुन्हा सुरू होईना.

"कार्बोरेटर," जगन्नाथकाका म्हणाले. "गुरुनाथला सवय होती तिची. थोपटल्याशिवाय ऐकत नाही."

कावळे पुढे गेले म्हणून पिंडही पुढे आले. पत्रावळ गॅरेजसमोरच्या वाटेच्या कडेला विटांच्या कठड्यावर ठेवली. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. इथला पाऊस पडत नाही, नुसता अंगाला चिकटतो. गुरुजींनी पत्रावळीवर छत्री धरली.

"छत्रीखाली कावळा येईल का, देवांग?"

"नाही काकू. पण पिंड विरघळेल."

"विरघळू दे. तू बाजूला हो."

सगळे गॅरेजच्या आडोशाला गेले. तिथून मात्र पिंड दिसेना, कारण मधे गाडी उभी. केदार म्हणाला, "आई, प्लीज आत चल. गुडघे दुखतील, आजारी पडशील." पिंड उघड्यावर टाकून घरात बसणे मीनाक्षीबाईंना शक्य नव्हते. त्या भिजत उभ्या राहिल्या. गुडघे दुखत होतेच. दहा दिवस त्यांनी कोणासमोर डोळ्यांतून पाणी काढले नव्हते आणि आता पावसामुळे ते कोणाला कळलेही नसते, हा विचार त्यांनी शिस्तीने मोडून काढला.

"वहिनी," काका दबकत म्हणाले, "गाडीत बसा. तिथून पत्रावळ समोर दिसेल."

मीनाक्षीबाईंनी सभोवार पाहिले. दुसरी कोरडी जागा खरोखरच नव्हती. ज्वाळांचे दार केदारने उघडले. ज्या माणसाशी भांडण, तोच राहिला नव्हता, आणि हार झाली म्हणून मिरवणारेही आता कोणी नव्हते. त्यांनी पदर सावरला, आत जाताना मान वाकवली आणि ती तशीच वाकवून ठेवून बसल्या.

मग त्या जराशा बावरल्या. त्यांनी मान थोडी वर केली. आणखी वर केली. मान पुरती ताठ झाली. पांढऱ्या अंबाड्याला छप्पर लागले नाही.

"जगन्नाथराव, इकडे या. ही सीट अशी खोल का?"

काकांनी खिडकीतून डोकावले. "ही बाजू होय? चार वेळा काढून बसवली त्यानं. मला वाटलं, माप चुकतंय, वय झालंय. तर म्हणाला, चुकत नाहीये, अंबाड्यासकट बसलं पाहिजे. स्वतःची सीट होती तशीच ठेवली. त्याचं डोकं वर घासायचं."

मीनाक्षीबाईंना एक दुपार आठवली. गुरुनाथरावांनी त्यांना जेवणाच्या खुर्चीवर ताठ बसवले होते आणि बैठकीपासून डोक्यापर्यंत टेप लावली होती. कशाला, म्हणून विचारले, तेव्हा कपाट करतोय म्हणाले. कपाट झाले नाही. त्यावरून मीनाक्षीबाईंनी त्यांना वर्षभर ऐकवले होते, चारचौघांतही. ते नुसते हसत.

समोरच्या बुटक्या काचेतून फार दिसत नव्हते. विटांचा कठडा, भिजलेली पत्रावळ, एवढेच. मीनाक्षीबाईंचे ओठ हलले. पाऊस तसाच पडत होता. एक कावळा उतरला, कठड्यावर तिरपा चालत आला आणि पिंडाला चोच लावून गेला. बाकी सगळ्यांचे लक्ष जगन्नाथकाकांकडे होते. ते गाडीकडे पाठ करून रुमालाने तोंड पुसत होते.

"शिवला," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

गुरुजी धावत आले. "कधी? काय कबूल केलंत, काकू?"

"ते आमचं आमचं आहे. तुम्ही पुढचं म्हणा. उशीर होतोय ना तुम्हाला?"

कोपऱ्यावर ट्रेलरचे दिवे वळले. गिऱ्हाईक वेळेआधीच आले होते. केदारने टोपी काढली, पुन्हा घातली आणि वाकून खिडकीशी आला. "आई, तो आलाय. उतरतेस ना? काय सांगू त्याला?"

मीनाक्षीबाईंनी ओच्यातला रुमाल काढला, घडी मोडली आणि शेजारच्या, स्टिअरिंगसमोरच्या रिकाम्या सीटवर नीट पसरून ठेवला.

"सांग त्याला, जागा धरलेली आहे."