यमुनाबाईंचे गुडघे

यमुनाबाई नागपूरच्या दवाखान्यात वारल्याचं पांढुर्ण्यात कळलं, तेव्हा त्यांचे यजमान भगवंतराव ढोबळे संत्र्याच्या पेटीवर फळी ठोकत होते. मुलाचा, हेमंतचा, फोन शेजारच्या दुकानात आला होता. निरोप ऐकून भगवंतरावांनी राहिलेले चार खिळे ठोकले, पेटी सरळ केली आणि मग तिच्यावरच बसले. दोघांनी धरून त्यांना घरी नेलं.

तेरावं झालं. वर्षश्राद्धापर्यंत सण नाही, गोड नाही, करमणूक नाही, असं गल्लीनं बजावलं. भगवंतरावांना ते जड गेलं नाही. तोंडाला कशाची चवच नव्हती. तिसऱ्या महिन्यात हेमंतनं त्यांना कलकत्त्याला बोलावून घेतलं. तो तिथं रेल्वेत होता. गल्लीत सांगितलं, गंगासागरला तर्पण करायला जातो. तर्पण झालंही. मग हेमंत म्हणाला, "बाबा, सुंदरबनात दोन दिवसांची लाँच जाते. जंगलातून, खाडीतून नेतात. वाघ दिसते म्हनतात. जाऊन या."

"लोकं काय म्हनतीन?"

"तिथं कोन हाय आपल्या गावचं?"

हे पटलं आणि भगवंतराव लाँचवर चढले.

लाँच छोटी. वीस-बावीस माणसं, सगळी बंगाली दिसत होती. नाश्त्याला प्रत्येकाला एक संत्रं आणि दोन रसगुल्ले आले. भगवंतरावांनी संत्रं सोललं, एक फोड खाल्ली आणि जन्मभराच्या सवयीनं मोठ्यानं बोलले, "हे संत्रं हाय? नुसतं आंबट पानी! काय विकून राहिले हे लोकं!" तोंड गोड करायला म्हणून त्यांनी रसगुल्ला उचलला.

मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, "अगं बाई! कोन गावचे जी तुमी?"

रसगुल्ला तोंडात गेला होता. भगवंतराव कसेबसे म्हणाले, "पांढुर्णा."

"आमी सौंसरचे! अहो, ऐकलं का, पांढुर्ण्याचे हायेत! कोनाकडचे तुमी?"

"ढोबळे."

"संत्र्यावाले ढोबळे? म्हंजे लोधीखेड्याच्या यमीचे मालक? भाऊजी, मी विजयमाला! यमी न मी एका पाटीवर शिकलो." त्यांनी लाँचभर नजर फिरवली. "यमी कुठं हाय?"

मांडीवर पानात दुसरा रसगुल्ला होता. हनुवटीवरून पाक ओघळत होता. बायको जाऊन तीन महिने झालेला माणूस या अवस्थेत खरं कसं सांगणार?

"घरी हाय," भगवंतराव म्हणाले.

"बरी हाय ना?"

"बरी हाय. गुडघे दुखतात, म्हनून नाई आली."

बाईंचे यजमान मोतीराम सरकारी नोकरीत. पंचवीस वर्षं बस्तर-सरगुज्यात काढून मागल्या वर्षीच सौंसरला परतले होते. जुन्या ओळखी अजून नीट जुळल्या नव्हत्या, म्हणून त्यांना काही कळलं नव्हतं. मोतीरामांनी हिंदीतून साऱ्या लाँचला सांगितलं, की या भाईसाहेबांनी बिचाऱ्या भाभींना घरी टाकून एकट्यानं सहल काढली आहे. म्हाताऱ्या बंगाली बायका भगवंतरावांकडे रागानं पाहू लागल्या. एका निवृत्त डॉक्टरनं वहीतला कागद फाडला.

"कौन सा घुटना? दायाँ या बायाँ?"

"दोन्ही," भगवंतराव म्हणाले.

"सूजन है?"

"थोडी है."

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. आचाऱ्यानं मोहरीच्या तेलात लसूण जाळून बाटली भरून दिली. विजयमालाबाईंचे प्रश्न तर संपतच नव्हते. यमी अजून चिडते का? चिडते. लठ्ठ झाली का? झाली थोडी. लोणचं कोण घालतं? तीच. मला हात लावू देत नाही. सांगता सांगता भगवंतराव रंगात आले. दुपारपर्यंत यमुनाबाईंनी नवी शिलाई मशीन घेतली, दूधवाल्याशी भांडण केलं आणि नवऱ्याची विडी बंद केली. भगवंतरावांना तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. जेवणावर त्यांनी दोनदा भात घेतला आणि हात धुताना त्यांना आपलीच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी वाघ दिसला. काठाच्या चिखलातून तो सावकाश चालत गेला. विजयमालाबाईंनी भगवंतरावांना पुढं ढकललं. "नीट पाहा जी! घरी गेल्यावर यमीले सांगा लागन!" भगवंतरावांनी नीट पाहिला. किती पावलं चालला तेही मोजलं.

धक्का जवळ आला तेव्हा विजयमालाबाई शेजारी येऊन बसल्या. डोळे ओले होते.

"भाऊजी, तुमच्याशी खोटं नाई बोलवत. माह्या सासूबाईले जाऊन चार महिनेच झाले. सौंसरात सांगितलं, गंगासागरले चाललो. तिथलं सारं केलं. मग आमच्या मालकाले वाघ पाहाची हौस आली. मी रसगुल्लेबी खाल्ले जी! कोनाले सांगू नका."

मोतीरामांनी हात जोडले. "आमची लाज तुमच्या हाती हाय."

आता सांगायलाच हवं होतं. भगवंतरावांनी तोंड उघडलं. दोघं नवराबायको गुन्हेगारासारखी खाली मान घालून बसली होती.

"चालते जी," भगवंतराव गंभीरपणे म्हणाले. "मानूस हाय. होते चूक."

"देवमानूस हाय हो!" मोतीराम म्हणाले.

उतरताना विजयमालाबाईंनी हिरव्या बांगड्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. "कलकत्त्याहून माह्यासाठी घेतल्या होत्या. यमीच्या हातात तुमीच घाला. अखितीले मी येतो तिले भेटाले."

पांढुर्णा स्टेशनवर शेजारची सुनंदा सामान घ्यायला आली होती. तिनं पिशवी उचलली. "गुडघ्याचं तेल हाय, सांभाळ," भगवंतराव म्हणाले, तेवढ्यात डबा खाली पडला आणि झाकण उघडलं. सुनंदा बांगड्यांकडे पाहत राहिली, मग भगवंतरावांकडे.

"कोनासाठी जी ह्या, काका?"

भगवंतरावांनी घाईघाईनं डबा झाकून पिशवीत कोंबला. त्यांची ती घाईच गल्लीभर पोचली. दोन दिवसांत बोरगावचे तुळशीराम पाटील ओसरीवर येऊन बसले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "आमची एक चुलतबहीन हाय. तीबी एकटीच हाय. घाई तुमाले हाय असं आयकलं, म्हनून आलो."

"मले कसलीच घाई नाई," भगवंतराव म्हणाले.

"लाजू नका. बांगड्याबी आनल्या म्हनतात." तुळशीरामांनी आवाज खाली आणला. "पन एक इचारतो. ते गुडघ्याचं तेल कोनासाठी? तुमीच दुखनाईत असान तर आत्ताच सांगा."

तुळशीरामांना त्यांनी कसंतरी वाटेला लावलं. दार लावून घेतलं आणि पोस्टकार्ड काढलं. 'सौ. विजयमालाबाईंना नमस्कार' एवढं लिहिलं. पुढं यमुना आता नाही, हे लिहायचं होतं. तशी तीन कार्डं त्यांनी नमस्कारापर्यंत लिहिली आहेत. अखिती, म्हणजे अक्षय तृतीया, आठ दिवसांवर आली आहे. सौंसरची बस रोज सकाळी सुटते. भगवंतरावांचं जाऊन सांगायचं अजून राहिलं आहे.