तळघरात गुडघाभर पाणी

रविवारी दुपारी चारला ग्रंथपालांच्या घरी दोन अनोळखी माणसं यायची होती. एक विमा एजंट, ग्रंथपालांच्या खेळातला नवा भिडू. दुसरा प्लंबर, त्यांच्या मोठ्या बहिणीने, ताईने, सिंकची गळती काढायला बोलावलेला. बहीणभावाने एकमेकांना यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

खेळ असा, की ग्रंथपाल गोष्ट सांगायचे, बाकीचे गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करणार ते सांगायचे आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. दोन वर्षं दातांचे डॉक्टर आणि औषधांच्या दुकानातल्या बाई असे दोघंच खेळत होते. आजच्या प्रसंगासाठी ग्रंथपालांनी तीन आठवडे खपून अठ्ठावीस पानं लिहिली होती.

डॉक्टर आणि बाई येऊन बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात पिशवी घेतलेला माणूस उभा होता.

"या, तुमचीच वाट बघतोय. बसा."

प्लंबर बसला. कामाआधी बसा म्हणणारी घरं त्याला क्वचितच भेटायची.

"तुम्ही कोण आणि जवळ काय काय आहे, तेवढं सांगा," ग्रंथपाल म्हणाले.

"मी प्लंबर. पान्हा आहे, करवत, दोरी, बॅटरी."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "आम्ही दोघंही जादूगार आहोत."

प्लंबरने दोघांकडे नीट बघून घेतलं आणि पिशवी पायाशी ओढली.

"तळघरात गुडघाभर पाणी झालंय," ग्रंथपालांनी आवाज खाली आणला.

"कधीपासून?"

"तीनशे वर्षं."

लोक उशिराच बोलावतात हे प्लंबरला ठाऊक होतं, पण यालाही काही सुमार होता. "आधी कोणाला दाखवलं नाही?"

"पुष्कळ जण आत गेले. एकही परत आला नाही."

"फोनही उचलत नसतील. बरं, पाणी येतं कुठून?"

ग्रंथपालांनी पानं चाळली. दारावरची सात कोडी होती, पहारेकऱ्याची वंशावळ होती. पाणी कुठून येतं, ते कुठेच नव्हतं. "वर... टाकी असावी."

"मग टाकीचा कॉक बंद करा आधी."

डॉक्टरांनी फासा टाकला. "वीस. झाला बंद."

तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली होती.

तिकडे घर शोधत फिरणारा एजंट मागच्या दाराशी पोचला. ताईने त्याला सरळ सिंकपुढे उभं केलं. "किती वेळ हो? करा काहीतरी."

ग्रंथपालांनी फोनवर त्याला बजावलं होतं, 'फासा घेऊन यायचं, आल्या आल्या खेळात उतरायचं, समोर येईल ते खरं मानायचं.' एजंटने पँट दुमडली, खिशातून फासा काढून ओट्यावर टाकला.

"दोन," तो खिन्नपणे म्हणाला. "जमणार नाही."

"हात तरी लावून बघा," ताई म्हणाली.

त्याने पाइपला हात लावला. पाइप हातात आला.

पाणी बाहेरच्या खोलीत शिरलं तेव्हा औषधवाल्या बाईंनी पाय वर घेतले. "काय खरं वाटतंय हो," त्या म्हणाल्या.

प्लंबर उभा राहिला. "कॉक बंद केला म्हणालात ना?"

"वीस पडले होते," डॉक्टर म्हणाले.

पुढे न विचारता प्लंबर आत गेला. त्याने कॉक बंद केला आणि वीस मिनिटांत नवा पाइपही बसवला. जाताना एवढंच म्हणाला, "ते तळघराचं दुसऱ्या कोणाला तरी विचारा."

ग्रंथपालांना आता उलगडा झाला. ते माफी मागायला वळले, तर एजंट नखशिखांत भिजून हसत होता.

"असा खेळ कधी खेळलो नव्हतो," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी कुठे उतरायचं?"

खरं सांगायचा धीर कोणालाच होईना.

"बाथरूममध्ये," ताई म्हणाली. "तिथला नळ ठिबकतोय."

एजंटने वेळ लिहून घेतली. "तिकडे राक्षस वगैरे कोणी?"

"मी आहे ना," ताई म्हणाली आणि त्याला फडकं दिलं.