आवडाबाईंच्या गळ्याला लावलेली गिटार

"गिटार सुरात लावायची म्हणजे काय, बोट धक्क्याला बांधायची! दोर ढिला दिसला की आवळायचा. त्यात शिकायचं काय?"

थळच्या भागोजीकाकांनी पुतणीला, रुचिताला, भर पंगतीत हे सांगितलं आणि तिथेच त्यांच्या निवांत म्हातारपणाला दृष्ट लागली. काकांची हयात मांडव्याच्या जेटीवर बोटींचे दोर बांधण्यात गेलेली. गिटारही तिथलीच. कुणी पर्यटक बोटीत विसरला आणि न्यायला फिरकलाच नाही. गाव म्हणे, विसरला कसला, सुटला!

रुचिताने मात्र काकांचा शब्द धरला. तिच्या भावाच्या, दिपेशच्या हळदीत डीजे एवढा दणाणला होता, की धवले, म्हणजे लग्नातली परंपरेची गाणी, म्हणणाऱ्या आवडाबाईंचे नुसते ओठ हललेले दिसले.

"माझ्या हळदीत डीजे नको. आवडाबाई धवले म्हणतील, काका साथ करतील!"

"बघू," दिपेश म्हणाला. "न्हाय जमलं तर डीजेवाला नाक्यावर गाडी घेऊन उभा हाय. एक फोन!"

हळदीच्या दुपारी काका मांडवात गिटार लावायला बसले. आधी मोबाईलचं ॲप. तार छेडायची, काटा मधोमध आला की झालं. पण शेजारी मिक्सरमध्ये वाटण चाललेलं, आणि काटा बिचारा वाटणाकडेच बघून डोलायचा! जीव खाऊन लावलेली तार मिक्सरच्या सुरात लागली. मिक्सर थांबला, तार पोरकी झाली.

मग भजनी मंडळाचे सदाबुवा पेटी घेऊन आले. खाऱ्या हवेनं तिच्या पट्ट्या फुगलेल्या. एक दाबली की शेजारच्या दोघी सोबतीला ओरडत.

"यातली माझी कंची?" काकांनी घाम पुसत विचारलं.

"मधली धर. बाकीच्या पाव्हण्या समज!"

शेवटी काका एका तारेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी लावत गेले. पण पहिलीच चुकलेली. सगळं खानदान वाया गेलं!

संध्याकाळपर्यंत काकांचा खांदा भरून आला. बोटं भेंडीसारखी सुजली. "आवडाबाई," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "तुम्हीच सूर द्या. तुमच्या गळ्याला लावतो."

"लाव बाबा," म्हणत बाईंनी पान गालात सारलं आणि धवला सुरू केला. सुरू झालेला धवला मध्येच तोडायचा नसतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्याला काकांना बाई केसभर वर वाटल्या. आवळा! खुंटी जरा जास्तच फिरली. तिसऱ्याला बाई आणखी वर. काकांनी पुन्हा आवळली. बाई आणखी वर! मागून म्हणणाऱ्या बायका टाचा उंचावून गाऊ लागल्या. माडावर दिव्यांची माळ बांधणारा गडी घाबरून खाली उतरला, कारण सूर त्याच्याही वर गेला होता! (खोटं वाटेल तर त्यालाच विचारा.)

"बस्स झालं!" दिपेशने मोबाईल काढला.

टण्ण! बारकी तार तुटली, थेट हळदीच्या वाटीत आपटली, हळद उडाली, आणि नवरीच्या आधी दिपेशच्या मोबाईलला हळद लागली! तो अंगठा टेकवायला जाई, अंगठा घसरे. तेवढ्यात टण्ण! टण्ण! पाठोपाठ तारा गेल्या. उरली फक्त सगळ्यात जाड. ती आवळायला काकांच्या हातात जोरच नव्हता. ढिलीच्या ढिली ती भुंग्यासारखी घुमत राहिली, आणि काका डोळे मिटून तीच छेडत राहिले.

आणि नवल! बाई पायरी पायरीनं खाली उतरल्या. बायकांच्या टाचा टेकल्या. धवला शेवटपर्यंत गेला, शब्द न् शब्द ऐकू आला. रुचिताने पदराने डोळे टिपले. दिपेशने मोबाईल पुसून खिशात घातला आणि पुटपुटला, "डीजेवाल्याला सांगतो, जेवून जा."

"बाई, एवढं वर कशाला गेलात हो?" काका कळवळून म्हणाले.

"मी? तूच पळत होतास वर वर! मना वाटलं, तुझ्या यंत्राला खालचं सोसत न्हाय. साथीला आलेल्याचा मान राखावा म्हणून फरफटत आले तुझ्या मागं. गळा सोलला माझा!"

काका तुटक्या तारा गुंडाळू लागले. तेवढंच त्राण त्यांच्यात उरलं होतं.

आवडाबाईंनी गिटार खालून वरून न्याहाळली.

"पण शेवटाला कसं गोड लागलं! एका तारेत काम झालं. बाकीच्या पाच कशाला आणल्या होत्यास रे, मिरवायला?"