रिकामा पाळणा हलतोय

सकाळपासून लाइट गेलेली होती, तरी पाळणा हलत होता. आणि पाळणा रिकामा होता.

हे आधी पाहिलं रंजितानं. घरातलं काहीही आधी रंजितालाच दिसायचं. बाळ बारा दिवसांचं होतं, पण ते रांगायला लागेल या भीतीनं तिनं टेबलाच्या कोपऱ्यांना आत्तापासूनच स्पंज चिकटवले होते. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे बघायला ती त्याला झोपेतून उठवायची आणि मग झोपत नाही म्हणून काळजी करायची.

"परेश! अरे, पाळणा हलतोय!"

"हलणारच, पाळणा आहे तो," परेश बाथरूममधून ओरडला.

"लाइट नाहीये!"

मग मात्र तो तोंडावर फेस घेऊन बाहेर आला. परेश तळोज्याच्या एका कंपनीत मोटर कंट्रोलची सर्किटं बनवायचा. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेच्या वाटेतलं दार. ते कधी उघडायचं, कधी लावायचं, हे दाराला सांगणारा सर्किटचा भाग म्हणजे गेट ड्रायव्हर. या गेट ड्रायव्हरवर परेश नवशिक्या पोरांना तासन्‌तास ऐकवायचा. मुलीसाठी मोटरवर झुलणारा पाळणाही त्यानं स्वतःच बनवला होता, आणि आज बारशाला त्याच्या साहेब, वसुंधरा मॅडम, तो बघायला येणार होत्या.

पाळण्याकडे बघता बघता त्याच्या गालावरचा फेस वाळला.

"गेट तरंगतंय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मोटरला बॅटरीची वीज आहे, ड्रायव्हरला घरातली. लाइट गेली की ड्रायव्हर झोपतो, मोटर जागी राहते. मग दाराला सांगणारं कुणी नाही. जवळून माणूस गेला तरी ते उघडतं."

"हे उलट नको का रे? मोटरनं झोपायचं आणि ड्रायव्हरनं जागं राहायचं?"

"तेवढ्यासाठीच एक बारीकसा रेझिस्टर लावतात. ड्रायव्हर झोपला तरी दार बंद ठेवतो तो."

"मग लाव ना!"

"लावतच होतो. तेवढ्यात कळा सुरू झाल्या म्हणून तुझा फोन आला."

"म्हणजे चूक माझी?"

"चूक नाही गं. टायमिंग."

"बॅटरी काढ आधी."

बॅटरी सर्किटच्याच डब्यात होती. बाळाचं बोट आत जाईल म्हणून सर्किटच्या डब्यात गोंद ओतून तो कायमचा बंद करायला रंजितानंच लावलं होतं. तो आता छिन्नीनं फोडावा लागणार होता, आणि परेशच्या मते छिन्नी बॅटरीत घुसली तर बारसं फायर ब्रिगेडच्या साक्षीनं झालं असतं. मोटरच्या तारा तोडायला त्याचा हात धजत नव्हता. तारा तोडलेला पाळणा मॅडमना काय दाखवणार?

"माझं बाळ यात जाणार नाही," रंजिता म्हणाली. "मॅडम येवोत नाहीतर मिनिस्टर."

नेमक्या त्याच वेळी परेशच्या आई, सखूबाई, कोन गावाहून आल्या. दारातच त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आरं देवा! रिकामा पालना कोन हलवतंय?"

"कुणी नाही, आई. गेट..."

"गेट राहू दे बाहेर. रिकामा पालना हलवू नाय, येवढी अक्कल नाय तुमाला?" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी पाळणा गच्च धरला. मोटर गुरगुरली. डबा तापला. हॉलमध्ये जळका वास सुटला.

"आई, सोड! मोटर अडली की करंट वाढतो!"

"सोडला तर हलतंय, धरला तर जलतंय! इंजिनेर हायस का कोन हायस रं तू?"

पण सखूबाईंनी अशी सतरा बारशी पार पाडलेली होती. बाळाच्या आधी पाळण्यात घालायला धुऊन, कुंची घालून ठेवलेला वरवंटा त्यांनी उचलला, पाळण्यात निजवला, वर दुपटं ओढलं आणि हात झटकले. पाळणा पुन्हा झुलू लागला.

"आता रिकामा नाय."

"पण बाळाचं काय?" रंजितानं विचारलं. "नाव ठेवताना पाळण्यात घालावं लागेल ना?"

"पालन्यात घातल्याबिगर नाव कसा ठेवनार?"

रंजिता बाळाला छातीशी धरून बेडरूममध्ये गेली आणि तिनं आतून कडी लावली.

पाहुणे आले. परेशची बहीण निशा, म्हणजे नाव ठेवणारी आत्या, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत भरून आली. पाळणा चालू करायच्या बटणाची, थेट गेटला जाणारी तार दिसू नये म्हणून तिनंच आदल्या दिवशी पाळण्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. त्या ताज्या राहाव्यात म्हणून आता तिनं वरून पाणी शिंपडलं. माळेला कुणाचा हात लागला की पाळणा जोरात जायचा, हात काढला की दमानं.

वसुंधरा मॅडमनी चष्मा वर केला. "लाइट नसताना कसा काय चालतोय, परेश?"

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. परेशनं ती सोडली.

"मॅडम, माणूस जवळ आला की ओळखतो. आपोआप झोका देतो."

"अगोबाई!" बायका एकदम पुढे सरकल्या. जिला तिला माळेला हात लावून बघायचा होता. कुंचीतलं तोंड कुणी बघितलं नाही, कारण सगळ्या मोटर बघत होत्या.

"किती शांत पोर आहे! हुं की चूं नाही."

"आईवर नाही गेलेली."

बंद दाराआड रंजितानं हे ऐकलं आणि बाळाला आणखी घट्ट धरलं.

"वहिनी कुठंय?" निशा म्हणाली. "जाऊ दे, मुहूर्त टळेल. बाळ तर पाळण्यातच आहे." असं म्हणून तिनं कानात नाव सांगायला वाकून दोन्ही हातांनी, सगळ्या बांगड्यांसकट, ओली माळ धरली.

दार सताड उघडलं. म्हणजे ट्रान्झिस्टरचं. पाळणा एका टोकाला गेला, दुसऱ्या टोकाला गेला आणि तिसऱ्यांदा कुंचीसकट दुपटं हवेत उडालं.

"बाळ!" निशा किंचाळली. एक बाई सोफ्यावर कोसळली. वसुंधरा मॅडमच्या हातातल्या वाटीतले घुगऱ्यांचे हरभरे चौफेर उधळले. दुपटं धप्पकन परेशच्या अनवाणी पायावर पडलं आणि परेश असा ओरडला, की खालचा वॉचमन वर आला.

सखूबाईंनी दुपटं उचललं, वरवंटा उलटापालटा करून पाहिला.

"टवका नाय उडाला," त्या म्हणाल्या.

आरडाओरडा ऐकून रंजिता बाळाला घेऊन धावत बाहेर आली. दोन बाळं बघून सोफ्यावरची बाई शुद्धीवर येता येता पुन्हा कोसळली.

"आई," रंजिता म्हणाली, "मी हिला पाळण्यात देणार नाही. काय म्हणायचं ते म्हणा."

सखूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "आगो येडे, त्या मशिनीत नातीला कोन घालतंय? म्हनून तर सकालपासून ह्या दगडाला पालन्यात निजवलाय." आणि त्या परेशकडे वळल्या. "तोड रं त्या तारा."

परेशनं एकदा मॅडमकडे पाहिलं. मग लंगडत जाऊन पक्कड आणली आणि तारा तोडल्या. पाळणा थांबला. सखूबाईंनी माळा उपटून टाकल्या, कडीला सुती दोरी बांधली, सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या परेशच्या हातात तिचं टोक दिलं. रंजितानं चारही कड्या हलवून बघितल्या, गादीखाली हात फिरवला, आणि मग स्वतःच बाळाला पाळण्यात ठेवलं. निशानं बांगड्या मागे सारून, कशालाही हात न लावता, कानात नाव सांगितलं: मनस्वी.

"ओढ," रंजिता म्हणाली. परेशनं ओढली. "सोड. आता पुन्हा. एवढ्या जोरात नाही. थांब जरा, मधे श्वास घेऊ दे तिला. हां, ओढ."

मनस्वी झोपली.

वसुंधरा मॅडम कधीच्या दोरी ओढणाऱ्या परेशकडे आणि त्याला सांगणाऱ्या रंजिताकडे बघत होत्या. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "मोटर साधीच आहे, पण कंट्रोल बाकी पक्का आहे. हे डिझाइन कुणाचं?"

"माझं," परेश म्हणाला.

"बोलू नकोस," रंजिता म्हणाली. "ओढ."