पस्तिसात एक

साळवेआप्पांनी माझी उंची पहिल्याच भेटीत सांगितली : चार पॉइंट आठ सेंटीमीटर.

मी नुकताच जळोचीत राहायला आलो होतो आणि टेम्पोतून गादी उतरवत होतो. शेजारच्या फाटकात एक सडपातळ गृहस्थ उभे होते. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "एकशे अडुसष्ट असाल. म्हंजे चार पॉइंट आठ." मला वाटलं, हा माणूस शिंपी तरी असावा किंवा वेडा तरी. आप्पा दोन्हीही नव्हते. वालचंदनगरच्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. पोलिसांतले इन्स्पेक्टर नव्हेत. यंत्राचा तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, काम सुटलं नाही.

लोक खिशाला पेन लावतात, आप्पा व्हर्नियर लावायचे. जाडी-रुंदी मापायचा तो स्टीलचा चिमटा घेऊन ते भाजी आणायला जात. एकदा त्यांनी भेंडीवालीसमोर भेंडी मापली. ती बाई म्हणाली, "दादा, भाजी करायची हाय का इंजिनात बसवायची हाय?" घरी साळवेकाकूंची भाकरीही पाहुण्यांदेखत मापून झाली होती. काकू शांतपणे म्हणाल्या, "आधी तोंडात घाला, मग उरली तर मापा."

मोघम बोलणं त्यांना सहन होत नसे. 'थोडंसं', 'जरासं', 'येतोच' हे शब्द ऐकले की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. एकदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते बाहेरून येऊन चपला काढत होते. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "आत्ताच आलात का?"

"सहा सतराला आलो," आप्पा म्हणाले. "तांबोळी, 'आत्ताच' हे काय माप हाय व्हय?"

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. डॉक्टरांच्या दारात तासन् तास बसून 'आत्ताच आलो' असं हसतमुखाने सांगण्यावर माझं पोट चालतं. त्यामुळे आमचं जमण्यासारखं काही नव्हतं, पण जमलं. आमच्यामधली भिंत चार फुटांची होती, म्हणजे आप्पांच्या हिशेबात साडेतीन सेंटीमीटरची.

हा हिशेब कुठून आला ते सांगतो. आप्पांची मुलगी हैदराबादला असते. बाबांचा वेळ जात नाही आणि आई फोनवर रडकुंडीला येते, म्हणून मी जळोचीत येण्याच्या महिनाभर आधी तिने एक खोकं पाठवलं. आत लष्करी ट्रकचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते, ते जोडायचे. खोक्यावर लिहिलं होतं, एकास पस्तीस. खऱ्या ट्रकच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा ट्रक. माहितीपत्रक जपानीत होतं. काकू म्हणाल्या, आता आली का पंचाईत. आप्पा म्हणाले, "अक्षर कुठलं बी असू द्या, ड्रॉइंगची भाषा एकच."

पहिले पंधरा दिवस त्यांनी काहीच जोडलं नाही. एकेक भाग व्हर्नियरमध्ये धरून तपासला आणि सात भाग रिजेक्ट केले. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा झीरो पॉइंट तीन मिलीमीटरनं जास्ती होता. तो काकूंच्या नखं घासायच्या कानशीने घासून मापात आणला. तेव्हापासून त्यांना सगळं जगच पस्तिसाने भागलेलं दिसायला लागलं. मी चार पॉइंट आठ, काकू चार पॉइंट तीन, दारातला कडुनिंब अठ्ठावीस सेंटीमीटर. निंबाखाली काकू उभ्या राहिल्या की आप्पा लांबून एक डोळा मिटून बघत आणि मान हलवत. काकूंना वाटे, इतक्या वर्षांनी हा माणूस आपल्याकडे बघायला लागला.

नुसता ट्रक करून भागणार नव्हतं. ट्रकला रस्ता पाहिजे, रस्त्याला डोंगर पाहिजे. जाणकार याला डायोरामा म्हणतात, आप्पा देखावा म्हणत. मला वाटलं, लढाई असणार. तोफा, धूर, पडलेले शत्रू. आप्पांनी एक जुना काळापांढरा फोटो काढून समोर ठेवला. डोंगरातला बर्फाचा रस्ता, ट्रक आणि ट्रकला टेकून उभा असलेला, गळ्याला मफलर गुंडाळलेला तरणा जवान.

"हे करायचं," आप्पा म्हणाले.

"हे कोण?"

"ड्रायव्हर," एवढं बोलून त्यांनी व्हर्नियर उचलला.

पहिली अडचण बर्फाची आली. आप्पांनी उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. आमच्या भागात पांढरं म्हणजे साखर, दुसरं सुचायचं कसं? आप्पांनी पिठीसाखर तीनदा चाळून, डिंकात कालवून हिमालय घातला. दिसायला झकास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली म्हणून मी भिंतीवरून उडी मारून गेलो, तर लष्करी रस्त्यावर मुंग्यांची रांग लागलेली. काही ट्रकवर चढत होत्या, एक जवानाच्या टोपीवर बसली होती.

"पस्तिसानं गुणा," आप्पा खिन्नपणे म्हणाले. "एकेक मुंगी घुशीएवढी."

मग मीठ झालं, त्याला जून महिन्यात पाणी सुटलं. मग रांगोळी झाली, ती लग्नाच्या मांडवासारखी दिसायला लागली. शेवटी दिवाळीनंतर एका सोमवारी संध्याकाळी आप्पा भिंतीपाशी येऊन उभे राहिले. माझा दर मंगळवारी इंदापूरचा फेरा असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"तांबोळी, उद्या इंदापूर ना? एस.टी. स्टँडच्या मागं नामदेव साळवे म्हणून हायती. मिल्ट्रीतनं रिटायर. त्यांना इचारा, त्या ट्रकची स्टेपनी कुठल्या बाजूला असती."

"तुमचे कोण?"

"इचारा आपलं. मी इचारलंय म्हणून सांगा."

मी गंमत म्हणून बोललो, "आप्पा, तुमच्या मापानं इंदापूर दीड किलोमीटरसुद्धा नाही. तुम्हीच जा की चालत." आप्पा हसले नाहीत. वळले आणि घरात गेले. मग काकू भिंतीपाशी आल्या आणि हळू आवाजात त्यांनी मला सगळं सांगितलं.

नामदेव म्हणजे आप्पांचे सख्खे मोठे भाऊ, घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात. सत्तावीस वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा तात्या उत्तरेत सरहद्दीवर ट्रक चालवत होते. आई सिरियस म्हणून आधीच तार गेली होती, निघालो म्हणून उलट तारही आली होती. इंदापूरला सगळे त्यांची वाट बघत थांबले. अंत्यविधी चार वाजता करायचा, हे आप्पांनी ठरवलं होतं. भिगवणला गाडी लेट झाली होती. लोक म्हणाले, अजून थोडं थांबू. आप्पा म्हणाले, "थोडं म्हंजे किती?" कुणालाच आकडा सांगता आला नाही. चार वाजता आप्पांनी आईला उचललं. तात्या साडेपाचला पोचले. त्यांनी आईचं तोंड पाहिलं नाही, आणि त्या दिवसापासून भावाचंही पाहिलं नाही.

"त्या फोटोत तात्याच हायती," काकू म्हणाल्या. "त्यांनी आईला धाडलेला."

औषधं खपवण्यात माझं आयुष्य चाललंय, पण असा निरोप घेऊन मी कुणाच्या दारात कधी गेलो नव्हतो. तात्या ओट्यावर बसले होते. मिशी पांढरी, पाठ ताठ. मी आप्पांचं नाव घेऊन स्टेपनीचं विचारलं, तर ते रस्त्याकडे वळून बसले. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "स्टेपनी फोटोत दिसतीया की. डोळं गेलं का त्याचं?"

मी परत येऊन आप्पांकडचा फोटो पाहिला. स्टेपनी चांगली ढळढळीत दिसत होती. आप्पांना मी तात्यांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "तब्येत कशी वाटली?"

मी म्हटलं, "बरी आहे." आश्चर्य म्हणजे, बरी म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी प्रश्न होता, बर्फ कसा दिसतो. यावेळी तात्यांनी मला बसायला पाट दिला. "पांढरा करत बसला असंल," ते म्हणाले. "त्याला म्हणावं, बर्फ पांढरा लांबनं. रस्त्यावरचा बर्फ काळा असतो. गाड्या जात्यात, माणसं जात्यात, डिझेल सांडतं. चिखलच असतो त्यो." मी निघालो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "त्याला जयभीम सांगा."

तो जयभीम पोचवला तेव्हा आप्पा कानशीने काहीतरी घासत होते. घासणं थांबलं. "जयभीम," ते म्हणाले, जणू तात्या समोरच होते. मग उठले, परसातली काळी माती आणली, काकूंच्या पिठाच्या चाळणीने चाळली आणि रांगोळीच्या बर्फात चाकांच्या रेघांवर घातली. काकूंनी चाळणीबद्दल अवाक्षर काढलं नाही. रस्ता एकदम खरा दिसायला लागला. जळोचीच्या मातीत हिमालय मिसळला, तेव्हा कुठे तो हिमालय झाला.

तिसरा प्रश्न मफलरच्या रंगाचा. हा मात्र फोटोत दिसत नव्हता. तात्या म्हणाले, "लाल. आईनं हितल्या बाजारातनं घेतल्याला. युनिफॉर्मवर चालत न्हाय म्हणून साहेब वराडायचा. फोटोपुरता घातला, आईला दिसावा म्हणून." मग म्हणाले, "पुरं झालं इचारणं. घेऊन ये म्हणावं. रविवारी, अकरा वाजता."

रविवारी मी माझी जुनी मोटार काढली. देखावा बुटाच्या मोठ्या खोक्यात कापूस लावून बसवला होता आणि खोकं आप्पांच्या मांडीवर होतं. "पस्तीसच्या वर न्यायची न्हाय," अशी त्यांनी ताकीद दिली. मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरनेसुद्धा आम्हाला ओलांडलं. वालचंदनगर आलं आणि गेलं, आप्पांनी कारखान्याकडे मान वळवली नाही. त्यांच्या मनगटावर घड्याळाच्या जागी फिकट पट्टा दिसत होता. घड्याळ विसरणारा हा माणूस नव्हे.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दीड तासाला पस्तिसानं भागलं तर किती हुतं, म्हायती हाय? दोन मिनिटं, चौतीस सेकंद." ते खोक्याकडे बघत होते. "एवढंच थांबायचं व्हतं. मी चुकलो, तांबोळी. माप बरोबर व्हतं आन् मी चुकलो."

सहानुभूतीची चार वाक्यं मला धंद्यामुळे पाठ आहेत. मी गाडी तिसावर आणली.

अकराला पाच मिनिटं असताना आम्ही दारात होतो. तात्यांच्या पत्नी बाहेर आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "ते सकाळीच गेल्यात भाईर. कधी येत्यात, काय बोलले न्हाईत." त्यांनी चहा दिला. आप्पा खोकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. साडेअकरा झाले. मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. तेवढ्यात माझं लक्ष रस्त्यापलीकडच्या चहाच्या हॉटेलाकडे गेलं. कोपऱ्यातल्या बाकड्यावर कुणीतरी वर्तमानपत्र उघडून बसलं होतं. पानाच्या वरून पांढऱ्या मिशीचं टोक दिसत होतं, आणि पान काही उलटत नव्हतं.

"आप्पा," मी हळूच म्हणालो, "समोर बघा."

"आलो तवाच दिसला मला," आप्पा म्हणाले. "बसू द्या त्याला."

"हाक मारू?"

"न्हाय. मला बी बसू द्या."

मग मीही टेकलो. रस्त्याच्या अलीकडे एक म्हातारा, पलीकडे एक म्हातारा, मधून एस.टी. जाते, धूळ उडते, बसते. आप्पांनी एकदाही मला वेळ विचारली नाही. ऊन ओट्यावर आलं तेव्हा त्यांनी फक्त खोकं सावलीत सरकवलं आणि स्वतः उन्हात बसून राहिले. मला भूक लागली होती आणि दोघांचाही राग येत होता. राग कसला, मला माझा भाऊ आठवत होता, तो आता फोन करत नाही.

साडेबारा वाजले. समोर वर्तमानपत्राची घडी झाली. तात्या रस्ता ओलांडून आले आणि आप्पांच्या शेजारी बसले. आप्पांनी खोक्याचं झाकण काढलं. तात्यांनी चष्मा पुसून लावला. ट्रक पाहिला, स्टेपनी पाहिली, चाकांखालचा काळा बर्फ पाहिला. मग करंगळीच्या टोकाने जवानाच्या गळ्यातल्या लाल मफलरला हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

"बर्फ जमलाय," ते म्हणाले. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "लई वेळ झाला का येऊन?"

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "आत्ताच आलोय."