मेश्रामकाकांचा गाल

आमच्या गल्लीत कोणी दवाखान्याचं नाव काढलं, की शेजारचे मेश्रामकाका चपला घालून दारात हजर. बोलवावं लागत नाही. "मी आहो ना सोबत," म्हणतात आणि तुमच्याआधी ऑटोत जाऊन बसतात. घरात एकटेच, आणि कळमेश्वरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हाच त्यांचा उद्योग.

डॉक्टर विचारतात पेशंटला आणि उत्तर देतात काका. माझ्या सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही रामदासपेठेत गेलो, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना काकांनी सांगून टाकलं, "यायचं पोट साफ होत नाही." सासूबाई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. काकांशी बोलत होत्या.

यंदा मे महिन्यात काका तोंडाला दुपट्टा बांधून फिरू लागले. नागपूरच्या उन्हात सगळेच बांधतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण हे दिवस मावळला तरी सोडेनात. रविवारी तर्री-पोहे नेऊन दिले, तर नको म्हणाले. तिथे माझी सटकली.

"दुपट्टा काढा."

"काहून वं? ऊन लागून राहिलं."

"घरात?"

निघाला एकदाचा. उजवा गाल टम्म सुजलेला, अंगात ताप. दाढ ठणकते, तोंडात घाण चव येते, रात्री झोप नाही, हे सगळं त्यांच्याकडून एकेक करून काढावं लागलं. त्यापेक्षा दाढ काढणं सोपं गेलं असतं. इलाज काय, तर लवंग, मिठाचा शेक आणि कोणाच्या तरी घरच्या उरलेल्या गोळ्या. दुसऱ्याला साध्या सर्दीसाठी दवाखान्यात ओढत नेणारा हा माणूस. मी त्यांना तसंच ऑटोत कोंबलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांना बघताच माझ्याहून जास्त चिडल्या.

"काका, तुम्ही मागच्या आठवड्यात येऊन गेलात ना? दाढेच्या मुळाशी पू झालाय, गोळ्यांनी भागणार नाही, तो काढावाच लागेल, हे सांगितलं होतं मी. उद्याच घरचं कोणी सोबत घेऊन या म्हटलं, तर तुम्ही गायबच. ही सूज गळ्यात उतरली असती तर श्वास अडला असता."

काका दुपट्टा परत बांधू लागले.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडलेच. "भिंतीला भिंत आहे आपली."

"आलो होतो सांगाले," काका हळूच म्हणाले. "तू कुकर लावून राहिली होती."

आले होते खरे. सासूबाईंच्या पोटाची चौकशी करून गेले होते.

"कोणासंगही जाणं जमते मले," ते म्हणाले. "कोणाले चाल म्हणणं नाही जमत वं."

मला फार वाईट वाटलं. आणि इतका वेळ साठवलेला राग आता कोणावर काढावा, तेही कळेना.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आ करायला लावून आत आरसा घातला आणि विचारलं, "शुगर आहे का? कुठलं औषध सोसत नाही असं काही?" काकांना बोलता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शुगर नाही. औषधं सगळी सोसतात, गल्लीभराची खाऊन झालीत," मी म्हटलं. "आणि पोट साफ होत नाही."

काकांच्या घशातून निषेधाचा काहीतरी आवाज आला. मग सुई दिसली तसं त्यांनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, आणि पू निघून गाल हलका होईपर्यंत सोडलं नाही.