डिमेलो सरांचा सत्कार

चिखलीत माईक माझ्या हातात असला की कार्यक्रम पडत नाही! जयंती असो, लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, "नागसेनभाऊले बोलवा" असंच लोक म्हणतात. स्टेजवर शांतता पडली रे पडली की मी उठलोच!

तर अशा माणसाच्या पोरीचा, आमच्या समताचा, ऑपेरा गेल्या महिन्यात इथल्या सभागृहात ठरला. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त यात भांडणंसुद्धा गाऊनच करतात. समता पुण्यात हे गाणं शिकते. त्यांचा संच दौऱ्यावर निघाला होता आणि नायिका होती समता! शेवटचं मोठं गाणं तिचं एकटीचं. मुंबईच्या महोत्सवात तिला हीच भूमिका द्यायची की मागच्या घोळक्यात उभं करायचं, हे त्यांचे कंडक्टर, म्हणजे सगळ्या वाद्यांना आणि गाणाऱ्यांना हाताच्या खुणेने चालवणारे, डिमेलो सर ते गाणं ऐकून ठरवणार होते.

"बाबा," सकाळीच तिने मला बजावलं, "सुरुवातीले स्वागत करजा आन खाली बसजा. मंधात एक शब्द बोलू नोका!"

"अवं पोरी, मले शिकवून राह्यली तू?"

"शिकवत नाई. हात जोडून राह्यली."

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. मी स्वागत केलं आणि शहाण्यासारखा खाली बसलो. डिमेलो सर आले, हातात छडी घेतली आणि आमच्याकडे चक्क पाठ करून उभे राहिले! आमच्याकडे पाठ फिरवणारा पाहुणा म्हणजे रुसलेला पाहुणा. मी चरकलो. शाल-श्रीफळ आधीच द्यायला हवं होतं का?

त्यात शेजारी प्रमुख पाहुणे पंजाबराव.

"नागसेनभाऊ, शाल माह्या हातानं द्यायची हाय ना? मले साखरखेर्ड्याले लग्नाले जायाचं हाय. काऊन उशीर करून राह्यले?"

"दादा, संपलं की लगेच!"

स्टेजवर समताने विष घेतलं. गात गात कोसळली. वाद्यं थांबली. डिमेलो सर दोन्ही हात वर करून तसेच उभे. अख्ख्या सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी. एवढी शांतता, आणि माईक मोकळा!

पंजाबरावांनी कोपराने ढोसलं. "मेली ना ते? मंग झालं!"

मी उठलो. माईक घेतला. "या हृदयस्पर्शी कार्यक्रमानंतर आपण सरांचा यथोचित सत्कार करूया!" पंजाबरावांनी मागून शाल टाकली, ती सरांच्या डोक्यावरच आली. मी नारळ त्यांच्या वर धरलेल्या डाव्या हातात ठेवला. आणि नारळाच्या वजनाने तो हात खाली आला!

ढोलवाला शेवटच्या दणक्यासाठी त्या हाताकडेच डोळे लावून बसला होता. त्याने दणका दिला. कर्णे पेटले. विंगेतून मंडळी रडत-गात धावत आली आणि समताला उचलून घेऊन गेली. ऑपेरा संपला! त्या शांततेनंतर तिने डोळे उघडून नाटकातल्या नवऱ्याचा निरोप घ्यायचा होता. तेच ते गाणं. लोक टाळ्या वाजवत होते, आणि खांद्यावरून जाताना माझ्या मेलेल्या पोरीने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"लय भारी झालं!" म्हणून पंजाबराव लग्नाला गेले.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. समताची आई, मंजुश्री, विंगेतून आली. ओरडली नाही, हेच वाईट. एवढंच म्हणाली, "इखानं नाई मेली माही पोरगी. तुमी मारली तिले."

लोक गेले. डिमेलो सरांनी शालीची नीट घडी घातली, नारळ माझ्या हातात परत दिला. "समता, तुझं गाणं राहिलं. आत्ता म्हण." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही बाहेर."

मी बाहेर कलाकारांच्या चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिलो. आत ती गाऊ लागली. भाषा कळेना, पण बस सुटल्यावरही खिडकीतून हात हलवत राहावा, तसं काहीतरी ती म्हणत होती. गाता गाता मध्येच थांबली. शांतता! माझा पाय सवयीने उचलला गेला. दाराची कडी मी घट्ट धरली आणि ओठ दाताखाली दाबले. किती वेळ गेला कोण जाणे. मग अगदी खालून तिचा आवाज पुन्हा वर आला, आणि मी चपलांमध्येच रडत बसलो. हे गाणं अख्ख्या चिखलीने ऐकायचं होतं. माझ्यामुळे ते खुर्च्यांनी ऐकलं.

दार उघडलं. "मुंबईला हीच गाणार," डिमेलो सर म्हणाले.

समता माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, बोला आता काय बोलायचं थे."

आयुष्यात पहिल्यांदा मला एक शब्द सुचेना. काहीतरी करायचं म्हणून मी नारळ पुढे केला.

डिमेलो सरांनी पटकन दोन्ही हात पाठीमागे नेले.